चिंतेसाठी थेरपी सुरू करताना: पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत

थेरपी घ्यायची असं ठरवून महिने उलटतात, पण फोन काही केला जात नाही. यात आळस नसतो. जे जे अवघड वाटतं ते ते चिंता पुढे ढकलायला लावते, आणि अनोळखी माणसासमोर बसून मनातलं बोलणं हे अवघडच काम. ज्या कारणासाठी थेरपी हवी तेच कारण थेरपीच्या आड येतं. म्हणून खालच्या पायऱ्या मुद्दाम छोट्या ठेवल्या आहेत. दिवसाला एक केली तरी पुरे.

आधी दोन आठवड्यांची नोंद

थेरपिस्ट शोधायच्या आधी एक साधी वही घ्या आणि पाच रकाने आखा: वेळ, काय घडलं, शरीरात काय झालं, मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, आणि मग तुम्ही काय केलं. दिवसाला दोन-तीन नोंदी भरपूर झाल्या. भरलेली एक ओळ साधारण अशी दिसते:

मंगळवार, सकाळी ९:४०. वरिष्ठांचा निरोप, ‘वेळ मिळाला की भेटा.’ पोटात गोळा, हात गार. ‘काहीतरी मोठं चुकलंय, आता नोकरी जाणार.’ जुने ईमेल अर्धा तास चाळले, सहकाऱ्याला तीनदा विचारलं, भेटायला दुपारी गेलो.

बहुतेक लोक पहिले चार रकाने मन लावून भरतात आणि पाचवा कोरा सोडतात. थेरपीचं खरं काम मात्र त्या पाचव्या रकान्यावरच होतं. ईमेल चाळल्यावर, तीनदा विचारल्यावर, भेट पुढे ढकलल्यावर जिवाला थोडं बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातून मेंदू एकच धडा घेतो: धोका खरा होता, आपण हे सगळं केलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी निरोप आला की धडधड आणखी लवकर सुरू होते. टाळणं, पुन्हापुन्हा तपासणं, दुसऱ्याकडून खात्री करून घेणं, पाण्याची बाटली किंवा गोळी सतत जवळ बाळगणं, गर्दीत दाराजवळचीच जागा पकडणं, या सगळ्यांना थेरपीच्या भाषेत सुरक्षेचे उपाय म्हणतात. चिंता टिकून राहते ती यांच्यावरच.

नोंदीच्या जोडीला जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी करून ठेवा. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अनेक भाषांत मोफत मिळते. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटणं, काळजी थांबवता न येणं, सैल न होता येणं, चिडचिड, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वगैरे किती दिवस जाणवलं, त्याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण गुण २१. साधारणपणे ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम आणि १५ पासून तीव्र चिंता धरतात. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञांकडून नीट तपासून घ्यावं. या आकड्यावरून निदान होत नाही. त्याचा उपयोग वेगळाच आहे: आज १४ होते आणि दहा आठवड्यांनी ८ झाले, तर ‘काहीच फरक नाही’ असं मन म्हणत असलं तरी कागद वेगळं सांगतो. चिंता करणाऱ्या माणसाला स्वतःची प्रगती सहसा दिसत नाही, म्हणून हा कागद जपून ठेवा.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर या नोंदींची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा किंवा तुमच्या भागातल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, आणि घरातल्या किंवा ओळखीच्या एका तरी माणसाला सांगून सोबत बसवून घ्या.

एकदा डॉक्टरांकडे जाऊन या

थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, थरथर आणि झोप उडणं हे सगळं होतं, आणि ते हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. रक्त कमी असणं, हृदयाचे ठोके अनियमित पडणं, रक्तातली साखर एकदम खाली जाणं यांचंही तसंच. दम्याचे काही पंप, स्टेरॉइड आणि सर्दीच्या काही गोळ्या हातपाय थरथरवतात. त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. साध्या रक्तचाचण्या आणि गरज वाटल्यास ईसीजी एवढ्यावर बहुधा भागतं. छातीत नव्यानेच दुखत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर मात्र ‘आपल्याला चिंता आहेच’ असं समजून घरी बसायचं नाही.

चहा-कॉफीचा हिशोबही याच आठवड्यात मांडा. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं सर्वसाधारणपणे मानतात, पण पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी तीव्र भीती) येणाऱ्यांना त्याहून बऱ्याच कमी कॅफिननेही त्रास होऊ शकतो. एकदम बंद केलं तर डोकं धरतं, म्हणून आठवडाभरात हळूहळू उतरवा. दारूचं गणित उलटं असतं: रात्री सैल वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घालमेल दुप्पट. रोज पिणाऱ्याने ती अचानक सोडू नये. त्यात जिवाला धोका असू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

तपासण्या नॉर्मल आल्या की त्या पुन्हापुन्हा करून घ्यायच्या नाहीत. एकदा केली ती तपासणी. पाचव्यांदा केली की ती पाचव्या रकान्यात गेली.

कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात. निदान करतात आणि औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातलं उच्च शिक्षण आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं प्रशिक्षण घेतलेले असतात. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं क्षेत्र. समुपदेशकांचं प्रशिक्षण मात्र कुठे किती झालं आहे यात फार फरक पडतो. काहींनी वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेलं असतं, काहींनी चार शनिवार-रविवारचा कोर्स. ‘थेरपिस्ट’ आणि ‘कोच’ या शब्दांना तर बऱ्याच ठिकाणी कायद्याचं संरक्षणच नाही, कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून पाटीपेक्षा पदवी, नोंदणी आणि चिंतेच्या रुग्णांसोबतचा अनुभव या तीन गोष्टी विचाराव्यात.

थेरपीचा प्रकारही त्रासाप्रमाणे निवडावा लागतो. चिंतेसाठी सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणारी थेरपी. तिची विचारांची बाजू १९६० च्या दशकात आरन बेक यांनी उभी केली. भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याची बाजू त्याआधीपासून, १९५० च्या दशकातल्या जोसेफ वोल्पे यांच्या कामातून आलेली. सतत काळजी, पॅनिक, लोकांसमोर बोलण्याची भीती, उंची किंवा इंजेक्शनची भीती यांच्यासाठी सीबीटीचे वेगवेगळे आराखडे आहेत. मनात नको ते विचार येऊन हात धुणं, कुलूप तपासणं वगैरे कृती कराव्या लागत असतील तर तो ओसीडी. त्यासाठी सीबीटीतलाच ईआरपी नावाचा खास प्रकार लागतो, ज्यात भीतीला सामोरं जायचं पण नेहमीची ती कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कामातून तो पुढे आला, आणि साध्या बोलण्याच्या थेरपीने ओसीडी सहसा हलत नाही. एखाद्या भीषण प्रसंगानंतर चिंता सुरू झाली असेल तर आघातावर काम करणारी थेरपी शोधावी. विचारांशी कुस्ती न करता त्यांना येऊ-जाऊ देत आपलं काम चालू ठेवायला शिकवणारी एसीटी ही थेरपीही अनेकांना मानवते, विशेषतः ज्यांना स्वतःच्याच विचारांशी वाद घालून दमायला झालंय त्यांना.

पहिला संपर्क

तीन नावं काढा. दहा नाही. दहा नावं काढली की तुलना सुरू होते, आणि तुलना हा टाळण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. तिघांनाही एकाच दिवशी, एकच मजकूर पाठवा. मजकूर सुचत नसेल तर हा घ्या:

‘नमस्कार. गेले आठ महिने मला जवळजवळ रोज चिंतेचा त्रास होतो. झोप आणि काम दोन्हींवर परिणाम झाला आहे. डॉक्टरांची तपासणी झाली आहे. तुम्ही चिंतेसाठी सीबीटी करता का, सध्या नवीन लोकांना वेळ देता का, आणि फी किती आहे हे कळवाल का? संध्याकाळी सहानंतर मला फोनवर बोलता येईल.’

यात सगळी कहाणी सांगायची नाही. किती दिवसांपासून, कशावर परिणाम, काय हवंय, एवढंच. बरेच थेरपिस्ट पहिल्यांदा १०-१५ मिनिटं फोनवर बोलतात. तेव्हा हे प्रश्न विचारा: माझ्यासारख्या त्रासाच्या किती लोकांसोबत काम केलंय? सेशनमध्ये नेमकं काय करतो आपण? घरी करायचं काम देता का? फरक पडतोय की नाही हे कसं मोजता? सेशन रद्द करायचं झालं तर नियम काय? तुम्हाला सुपरव्हिजन आहे का, म्हणजे कुणी वरिष्ठ तुमचं काम बघतात का?

चांगलं उत्तर ठोस असतं. ‘पहिल्या दोन सेशनमध्ये समजून घेतो, मग भीतीची पायरी बनवतो, दर आठवड्याला घरी काम असतं, सहाव्या सेशनला आढावा’ असं काहीतरी. ‘आपण बोलत राहू, हळूहळू बरं वाटेल’ हे उत्तर माणूस म्हणून प्रेमळ आहे, पण चिंतेसाठी अपुरं आहे. आणि ‘तीन सेशनमध्ये मुळापासून बरं करतो’ अशी हमी मिळाली, आधीच्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी ऐकायला मिळाल्या, डॉक्टरांची औषधं परस्पर बंद करायला सांगितली किंवा वीस सेशनचे पैसे आगाऊ मागितले, तर दुसऱ्या नावाकडे वळा.

वेळ मिळायला काही आठवडे लागत असतील तर नाव यादीत टाका आणि ‘कुणाची वेळ रद्द झाली तर आयत्या वेळीही येईन’ असं सांगून ठेवा.

पहिलं सेशन

सेशन बहुधा ४५ ते ६० मिनिटांचं असतं. पहिली दहा मिनिटं कागदपत्रांत जातात: माहितीचा फॉर्म, संमतीपत्र, गोपनीयतेचे नियम. हे नियम नीट ऐका. तुम्ही बोललेलं बाहेर जात नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, लहान मुलाला इजा होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तेव्हा अपवाद होऊ शकतो. अपवाद तुमच्याकडे कोणते आणि नोंदी कुठे ठेवल्या जातात, हे विचारायला संकोच नको.

मग प्रश्न येतात. त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, काय काय टाळता, झोप, भूक, व्यसन, औषधं, घरात कुणाला असा त्रास आहे का, मरणाचे विचार येतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारतात. तो आला म्हणून ‘आपलं प्रकरण फारच बिघडलेलं दिसतं’ असा अर्थ काढू नका.

तोंडातून शब्द फुटणार नाहीत अशी धास्ती असेल तर वही उघडा आणि वाचून दाखवा. वहीतल्या दहा ओळींमधून थेरपिस्टला जेवढं कळतं तेवढं अर्ध्या तासाच्या गोलगोल बोलण्यातून कळत नाही. रडू आलं तर येऊ द्या, त्या खोलीत रुमालाचा डबा उगाच ठेवलेला नसतो. जे सांगायचं नाही ते ‘हे आज नको’ म्हणून बाजूला ठेवता येतं. सेशननंतर लगेच मीटिंग किंवा गाडी चालवत घाईने निघणं ठेवू नका. डोकं रिकामं आणि अंग जड वाटतं, अर्धा तास मोकळा हवा.

पहिल्या किंवा दुसऱ्या सेशनमध्ये ध्येय ठरतं, आणि इथे हमखास गडबड होते. ‘मला चिंता नको’ हे ध्येय होत नाही, कारण चिंता शून्यावर आणणं कुणालाच जमत नाही. मग प्रत्येक धडधड म्हणजे अपयश वाटायला लागतं. त्याऐवजी कृती लिहा: ‘धडधड होत असली तरी आठवड्याच्या मीटिंगमध्ये एकदा बोलेन’, ‘मुलाला शाळेतून यायला उशीर झाला तर पंधरा मिनिटं फोन करणार नाही’. अशी दोन-तीन ध्येयं पुरतात.

घरून ऑनलाइन सेशन करणार असाल तर दार बंद होणारी खोली, हेडफोन, आणि स्क्रीन टेकवून ठेवायला जागा एवढं हवं. घरात आवाज बाहेर जातो असं वाटत असेल तर दाराबाहेर पंखा किंवा गाणी लावून ठेवा. अंथरुणात पडून केलेली सेशन फारशी कामाची ठरत नाहीत. फोन कट झाला तर कुणी कुणाला परत करायचा आणि तुम्ही त्या वेळी कुठे आहात, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

खरं काम: पायरी बांधणं

साधारण तिसऱ्या-चौथ्या सेशनपासून भीतीला सामोरं जाण्याचं काम, म्हणजे एक्स्पोजर, सुरू होतं. लिफ्टची भीती घेऊ. आधी ० ते १०० अशा मापावर प्रत्येक प्रसंगाला आकडा द्यायचा. लिफ्टसमोर उभं राहून दार उघडताना बघणं, २०. आत पाय ठेवून दार बंद व्हायच्या आत बाहेर येणं, ३५. कुणालातरी सोबत घेऊन एक मजला, ४५. एकट्याने एक मजला, ६०. एकट्याने चार मजले, ७०. गर्दीच्या वेळी मागच्या कोपऱ्यात उभं राहून शेवटच्या मजल्यापर्यंत, ९०.

सुरुवात ३०-४० च्या आसपासच्या पायरीने करतात. त्याच्या खालून केली तर शिकायला काही उरत नाही, थेट ९० ने केली तर माणूस पळतो आणि पळण्याने भीती आणखी पक्की होते. पायरी चढण्याआधी एक वाक्य लिहायचं: मला काय होईल असं वाटतंय? ‘दार उघडणार नाही आणि माझा श्वास कोंडेल, शक्यता ८० टक्के.’ मग आत जायचं, एक मजला. बाहेर आल्यावर लिहायचं: खरंच काय झालं? ‘दार उघडलं. छाती जड झाली, श्वास चालू होता.’ हीच पायरी त्याच दिवशी पाच-सहा वेळा आणि आठवड्यातून चार-पाच दिवस करायची. भीतीचा आकडा दरवेळी उतरेलच असं नाही, आणि तो उतरलाच पाहिजे असा हट्टही नको. ‘वाटलं ते आणि झालं ते’ यातली तफावत मेंदूपर्यंत पोचणं महत्त्वाचं. नंतर जागा बदला: दुसरी इमारत, जुनी लिफ्ट, रात्रीची वेळ. एकाच लिफ्टमध्ये शिकलेलं धैर्य बरेचदा त्याच लिफ्टपुरतं राहतं.

बिघडतं ते पुढच्या जागांवर. लिफ्टमध्ये मोबाइलवर बोलत राहणं, डोळे मिटून आकडे मोजणं, भिंत घट्ट धरणं. हे केलं की मेंदू म्हणतो, ‘मोबाइल होता म्हणून वाचलो.’ सुरुवातीला एखादी कुबडी घेतली तर आकाश कोसळत नाही, पण ती कधी सोडायची तेही पायरीवर लिहून ठेवा. दुसरी चूक म्हणजे भीती टोकाला असताना बाहेर पडणं. निघायचंच असेल तर बाहेर थांबा आणि काही मिनिटांत परत आत जा. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते: ‘मन तयार झालं की करेन.’ मन कधी तयार होत नाही, म्हणून वार आणि वेळ लिहा.

पॅनिक अटॅकसाठी लिफ्टऐवजी स्वतःचं शरीरच पायरी बनतं. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार पॅनिकची सुरुवात शरीरातल्या एखाद्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावण्यातून होते: धडधड म्हणजे हार्ट अटॅक, गरगरणं म्हणजे आता पडणार. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो. हे चक्र तोडायला थेरपिस्ट तेच बदल मुद्दाम घडवून आणतात: मिनिटभर भराभर श्वास, जागच्या जागी मिनिटभर धावणं, खुर्चीवर बसून गोल फिरणं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये. बाकीच्यांनीही पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच करावं. पॅनिक अटॅक बहुधा काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो, हे तिथे घड्याळ समोर ठेवून बघता येतं.

दिवसभर काळजीचा भुंगा लागणाऱ्यांसाठी उपाय वेगळा. काळजीसाठी रोजची २० मिनिटं ठरवायची, संध्याकाळी, पण झोपण्याच्या तोंडावर नको. दिवसा काळजी आली की एका ओळीत लिहायची आणि त्या वेळेवर ढकलायची. संध्याकाळी यादी काढून दोन ढीग करायचे. ज्याला आज काही करता येतं (वीजबिल राहिलंय), त्याची पुढची कृती लिहायची. ज्याला काहीच करता येत नाही (दहा वर्षांनी माझं काय होईल), ते तसंच, उत्तराविना सोडून द्यायचं. पहिले दहा-बारा दिवस हे अगदी पोरकट वाटतं. दुपारची काळजी संध्याकाळी वाचताना शिळी झालेली दिसते, तेव्हा त्याचा उपयोग कळायला लागतो.

श्वासाच्या व्यायामांबद्दल थोडं. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं: याने शरीर सैल होतं, झोपेआधी जरूर करा. पण त्यांचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं. भीतीच्या प्रत्येक क्षणी ‘आता शांत झालंच पाहिजे’ म्हणून श्वास मोजायला लागलात तर तोही सुरक्षेचा उपाय होऊन बसतो.

औषधाचा प्रश्न

जीएडी-७ चे गुण १५ च्या वर असतील, झोप-जेवण बिघडलं असेल, घरातून निघणंच होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्या. औषध घेणं म्हणजे थेरपीत हरणं नव्हे, दोन्ही एकत्र चालतात. चिंतेसाठी सहसा आधी दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं रोज घ्यायची असतात आणि त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ किंवा उलट जास्त अस्वस्थता वाटू शकते. नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडून देतात. अस्वस्थता फार वाढली किंवा जिवाबद्दल वाईट विचार आले तर डॉक्टरांना लगेच कळवा. बरं वाटलं म्हणून एकदम थांबवू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो. चटकन शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची सवय लागते. शिवाय एक्स्पोजरच्या आधी अशी गोळी घेतली तर श्रेय गोळीला जातं आणि शिकणं राहून जातं. अशी गोळी चालू असेल तर थेरपिस्टला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा. तीही मनाने बंद करू नका.

घरच्यांना काय सांगायचं

घरचे प्रेमाने चिंतेला खतपाणी घालतात. ‘काही होणार नाही, मी आहे ना’ हे वाक्य दिवसातून दहादा म्हटलं की त्याचा असर दहा मिनिटांवर येतो. आधी तुम्ही आणि थेरपिस्ट मिळून ठरवा, मग घरच्यांना एक वाक्य द्या: ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय. चल, तोवर भाजी निवडू.’ हे न सांगता एकदम सुरू केलं तर भांडण ठरलेलं.

अडतं कुठे

पहिल्या काही आठवड्यांत चिंता वाढल्यासारखी वाटते. जे वर्षानुवर्षं टाळलं त्याला हात घातल्यावर ते ढवळून निघणारच. सेशन रद्द करण्याची हुक्की नेमकी घरचं काम केलं नाही त्या आठवड्यात येते. तेव्हा जा, आणि बसल्याबसल्या सांगा: ‘काम केलं नाही.’ का झालं नाही यावर घालवलेलं ते सेशन बरेचदा सर्वांत उपयोगी ठरतं.

चौथ्या ते सहाव्या सेशनला जीएडी-७ पुन्हा भरा आणि आढावा मागा. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: ध्येयावर एकमत, कामावर एकमत, आणि एकमेकांतला विश्वास. अडलं की यातलं काय सुटलंय ते बघा. ध्येय धूसर असेल तर पुन्हा लिहा. काम पटत नसेल तर ‘हे का करतोय ते मला कळलेलं नाही’ असं सांगा. विश्वासच बसत नसेल, प्रत्येक वेळी आपल्याला तोललं जातंय असं वाटत असेल, तर तेही एकदा बोलून बघा. चांगला थेरपिस्ट त्यावर चिडत नाही. बोलूनही काही बदललं नाही तर थेरपिस्ट बदलावा. निरोप दोन ओळींचा पुरतो: ‘मला वेगळ्या पद्धतीने काम करून बघायचं आहे. पुढच्या थेरपिस्टसाठी आतापर्यंतच्या कामाचा सारांश द्याल का?’ न सांगता गायब होण्यात सारांशही जातो, आणि टाळण्याची सवय आणखी एकदा जिंकते.

किती दिवस, आणि थांबायचं कसं

चिंतेसाठीची सीबीटी साधारण १२ ते २० सेशनची, आठवड्याला एक. एखाद्याच गोष्टीची भीती असेल तर बरीच कमी लागतात. जुना आघात, नैराश्य किंवा ओसीडी सोबत असेल तर जास्त. गुण खाली आले आणि ध्येयातल्या कृती होऊ लागल्या की सेशन दोन आठवड्यांनी, मग महिन्याने करत जातात. शेवटी तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी एकेक ठरवून ठेवतात, त्रास असो वा नसो.

शेवटच्या सेशनमध्ये एक पान लिहून घ्या. वर तुमच्या घसरणीच्या पहिल्या खुणा: लिफ्टऐवजी जिना ‘व्यायाम म्हणून’ सुरू झाला, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद राहायला लागला, रात्री लक्षणं शोधत मोबाइल हातात आला. खाली प्रत्येक खुणेसमोर त्याच आठवड्यात करायची एक पायरी. आणि तळाशी, सलग दोन आठवडे गुण १० च्या वर गेले तर थेरपिस्टला पाठवायचा निरोप आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे तेव्हा फक्त पाठवायचा राहील.